गुरांना तार, हत्तींना वाट

मौनहून मोरेमी अभयारण्याकडे निघालं की शोरोबे गावापाशी डांबर संपतं. पुढे वाळूचा रस्ता, दोन्ही अंगांना मोपानेची झाडं, आणि मग एक फाटक. फाटकाच्या डाव्या-उजव्या बाजूला तारेचं कुंपण नजर पोचेल तिथवर गेलेलं. जाताना कुणी फारसं अडवत नाही. अडवतात ते परतताना. पशुवैद्यकीय खात्याचा माणूस गाडीतली थंडपेटी उघडायला लावतो आणि कच्चं मांस निघालं तर ठेवून घेतो. मग सगळ्यांनी खाली उतरायचं, औषधाच्या पाण्यात भिजलेल्या चटईवर जोडे बुडवायचे, सामानात आणखी जोड असतील तर तेही काढून आणायचे, आणि गाडीची चाकंही तशाच पाण्यातून न्यायची. आमच्या चालकाने हे सगळं कुणी सांगायच्या आत केलं. त्याची स्वतःची गुरं कुंपणाच्या दक्षिणेला होती.

यंदाच्या अंकाचा विषय 'कुंपण' असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मनात पहिलं नाव आलं ते बोत्स्वानाचं. वन्य प्राण्यांना आत आणि माणसांना बाहेर ठेवण्यासाठी कुंपण घालायचं ही आपली नेहमीची समजूत. या देशाने ती उलटी केली आहे. चोबे राष्ट्रीय उद्यानाला कुंपण नाही, मोरेमीलाही नाही. हत्ती उद्यानातून उठून गावात येतो, गावातून शेजारच्या देशात जातो, मनाला येईल तेव्हा परततो. देशभर पसरलेली हजारो किलोमीटर तार आहे ती गुरांसाठी.

आकाराने हा देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, आणि माणसं चोवीस लाखांच्या आसपास. हत्ती सुमारे १ लाख ३० हजार. आफ्रिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही देशात इतके हत्ती नाहीत. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं मिळून देशाची सुमारे १७ टक्के जमीन होते. त्यांना लागून असलेले, माणसं आणि प्राणी दोघांसाठी राखलेले पट्टे धरले तर हा आकडा चाळीस टक्क्यांजवळ जातो. मला पाहायचे होते ते हे मधले पट्टे. उद्यानांतले सिंह-हत्ती तगून आहेत ते या मोकळ्या जमिनीच्या जोरावर, आणि ती मोकळी ठेवण्याची किंमत तिथे शेतं आणि गुरं राखणारी माणसं मोजतात.

गुरांचा देश

त्स्वाना माणसाचं मन गुरांत असतं. लग्नात मुलीच्या माहेरी द्यायची बोगादी गुरांच्या रूपात ठरते. गाबोरोनीत नोकरी करणारा शिक्षक असो, पोलीस असो की मंत्री, रानात कुठेतरी त्याची गुरं राखणारी वस्ती असते आणि सुट्टी लागली की तो तिकडे जातो. १९६६ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सर्वांत गरीब देशांत त्याची गणना होती आणि परदेशात विकण्याजोगी मुख्य वस्तू होती गोमांस. लोबात्सेच्या कत्तलखान्यातून ते ब्रिटनला आणि पुढे युरोपात जाई. युरोपची अट कडक होती: लाळ्या खुरकूत असलेल्या भागातलं मांस चालणार नाही.

या रोगाचा विषाणू आफ्रिकी रानम्हशीच्या अंगात वर्षानुवर्षं राहतो आणि तिला काही होत नाही. ती गुरांच्या संगतीला आली की मात्र गुरांना लागण होते. म्हणून म्हशी एका बाजूला, गुरं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये तार. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेची तार १९८२ मध्ये उभी राहिली. त्याआधी, ब्रिटिश अमलातच, १९५८ पासून कलाहारीच्या उत्तरेला कुके कुंपण घातलं गेलं होतं.

कुके कुंपणाने जे केलं ते आजही तिथली जुनी माणसं विसरलेली नाहीत. कलाहारीतले वाइल्डबीस्ट पाऊस असेतो वाळवंटात चरत आणि दुष्काळ पडला की पाण्याकडे चालू लागत. त्यांच्या वाटेत तार आली. १९८०च्या दशकातल्या दुष्काळात हजारोंचे कळप तारेला लागून पूर्वेकडे चालत राहिले, शाऊ तळ्याच्या दिशेने. तिथे पोचेपर्यंत कित्येक मेले. जे पोचले त्यांना तळ्याकाठी गुरं आणि माणसं आडवी आली. मार्क आणि डेलिया ओवेन्स हे संशोधक जोडपं तेव्हा कलाहारीत राहत होतं. त्यांच्या 'क्राय ऑफ द कलाहारी' या पुस्तकामुळे ही गोष्ट जगाला कळली. वाइल्डबीस्टची ती संख्या कलाहारीत पुन्हा झाली नाही.

दुसऱ्या एका तारेची गोष्ट मात्र वेगळी निघाली. ओकावांगो आणि मकगाडीकगाडीची मिठागरं यांच्यामध्ये १९६८ साली कुंपण घातलं गेलं आणि २००४ मध्ये ते काढलं. तीन-चार वर्षांतच गळ्यात पट्टे बांधलेले झेब्रे ओकावांगोतून निघून, अडीचशे किलोमीटर चालून, पावसाने हिरवळलेल्या मिठागरांच्या काठी पोचल्याचं संशोधकांना दिसलं. झेब्रा काही छत्तीस वर्षं जगत नाही. तार लागण्याआधी ती वाट चाललेला एकही झेब्रा तेव्हा हयात नव्हता, कुणी कुणाला वाट दाखवलेली नव्हती. तरी ते गेले. मला या साऱ्या प्रवासात याहून आशेची गोष्ट सापडली नाही. चुकीच्या जागची तार काढता येते, आणि काढली की रान आपलं आपण पुढचं पाहतं.

कोरड्या ऋतूतला पूर

ओकावांगो नदी समुद्राला मिळत नाही. अंगोलाच्या डोंगराळ प्रदेशात नोव्हेंबर ते मार्च पाऊस पडतो. ते पाणी कुबांगो आणि कुइतो या नद्यांतून उतरतं, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडतं, मोहेंबोला बोत्स्वानात शिरतं आणि मग कलाहारीच्या वाळूवर पसरतं. वर्षाकाठी येणारं पाणी सुमारे साडेतीनशे टीएमसी. कोयना धरण तीनदा भरून वर उरेल इतकं. पण जमिनीला उतार जवळजवळ नाहीच: अडीचशे किलोमीटरमध्ये साठेक मीटर. त्यामुळे पूर धावत नाही, सरपटतो. मोहेंबोला एप्रिलच्या सुमारास भरात असलेलं पाणी मौनच्या थामालाकाने नदीत दिसायला जून-जुलै उजाडतो. तेव्हा तिथे पावसाचा थेंब नसतो, गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि आजूबाजूचे पाणवठे आटलेले असतात. नेमक्या त्याच वेळी पाणी येतं. हजारो प्राणी ओकावांगोत गोळा होतात ते या जुळून आलेल्या वेळापत्रकामुळे.

मोकोरोतून, म्हणजे एका लांब काठीने ढकलायच्या अरुंद होडीतून, त्या पाण्यात गेलं की बाकीचं समजू लागतं. पूर्वी मोकोरो एकाच झाडाचा बुंधा कोरून करत. आता मोठी झाडं वाचावीत म्हणून बहुतेक होड्या फायबरग्लासच्या. होडी हाकणारा मागे उभा. पाणी इतकं नितळ की तळाची पांढरी वाळू दिसते. कारण गाळ फारसा नाहीच, नदी वाळू आणते आणि ती तळाशी राहते. पपायरसच्या दाटीतून जाणारी वाट पाणघोड्यांनी पाडलेली. ते रात्री चरायला निघतात, रोज त्याच मार्गाने, आणि त्यांच्या अंगाखाली वाट मोकळी राहते. त्यांनी सोडलेली वाट काही वर्षांत बुजते आणि पाणी दुसरीकडे वळतं.

बेटांची गोष्ट याहून अजब. वाळवी वारूळ बांधते. पुरातही वारुळाचं डोकं कोरडं राहतं. त्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाड उगवतं. झाडाची मुळं भोवतालचं पाणी ओढून घेतात, पाण्यातले क्षार मुळांशी साचत जातात, जमीन फुगते आणि बेट वाढतं. शतकांनंतर बेटाच्या मध्यभागी इतकं मीठ साचतं की तिथे झाड टिकत नाही. वरून पाहिलं तर अनेक बेटांच्या कडेला हिरवं कडं आणि मध्ये पांढरा डाग दिसतो. आलेल्या पाण्यापैकी दोनेक टक्केच पुढे वाहून जातं, बाकी हवेत विरतं. एरवी अशा ठिकाणी खारट दलदल झाली असती. झाडं मीठ बेटांखाली दडवून ठेवतात म्हणून भोवतालचं पाणी गोडं राहतं.

मग इतक्या गोड्या पाण्यावर आणि हिरव्या चाऱ्यावर गुरं का नाहीत? याचं जुनं उत्तर त्सेत्से माशी. तिच्या चाव्याने गुरांना नागाना रोग होई, माणसांना निद्रारोग. त्रिभुज प्रदेशाचं शतकानुशतकं खरं कुंपण ही माशी होती. २००१ आणि २००२ मध्ये विमानांतून औषध फवारून तिचा नायनाट केला गेला. आता गुरांना आत जायला आडकाठी आहे ती त्या तारेचीच. म्हणजे ज्या धोरणाने कलाहारीत वाइल्डबीस्ट मारले, त्याच धोरणाने ओकावांगो वाचवलं. तारेच्या बाजूने किंवा तारेविरुद्ध एका वाक्यात निकाल देणाऱ्यांचं म्हणणं मला म्हणून पटत नाही. कुठली तार, कुठे आणि कुणासाठी, हे प्रत्येक वेळी नव्याने विचारावं लागतं.

मोरेमी कुणाचं

मोरेमी अभयारण्य कुठल्या वसाहतवादी अधिकाऱ्याने नकाशावर रेघ ओढून केलेलं नाही. १९६०च्या सुमारास बाहेरून येणारे शिकारी इथलं रान झपाट्याने रिकामं करत होते. बाटावाना लोकांचा कारभार तेव्हा दिवंगत राजे मोरेमी तिसरे यांच्या पत्नी पुलाने मोरेमी पाहत. लोकांच्या सभेत, म्हणजे क्गोत्लात, बसून चर्चा झाली आणि १९६३ मध्ये बाटावानांनी आपल्याच जमिनीचा एक तुकडा शिकारीला बंद केला. आफ्रिकेत स्थानिक लोकांनी स्वतः स्थापलेलं हे पहिलं अभयारण्य. ओकावांगो २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीतलं हजारावं स्थळ ठरलं, त्या मानाच्या मुळाशी हा निर्णय आहे.

पण त्याच जमिनीवर आणखीही माणसं होती. बुगाख्वे, नदीकाठी राहणारे सान लोक, शिकार आणि मासेमारीवर जगणारे. सभेत त्यांचं वजन नव्हतं. अभयारण्य झालं आणि त्यांना ख्वाई नदीच्या पलीकडे हलवलं गेलं. मोरेमीच्या उत्तर फाटकापाशी लाकडाच्या ओंडक्यांचा पूल आहे. गाडी गेली की एकेक ओंडका खडखडतो. पूल ओलांडला की त्यांचं ख्वाई गाव. गावाच्या अंगणांतून हत्ती जातात, आणि संध्याकाळी मुलांना हाका मारून घरात घेतात ते त्यांच्यामुळे.

१९९०च्या दशकात सरकारने अशा गावांना विश्वस्त संस्था स्थापून आजूबाजूच्या रानाचा भाडेपट्टा घेण्याची मुभा दिली. ख्वाईची अशी संस्था आहे, सांकुयोची आहे, चोबेच्या बाजूच्या पाच गावांची आहे. संस्था शिबिरासाठीची जागा कंपनीला भाड्याने देते, पैसा गावात येतो. त्यातून वृद्धांना मदत, अंत्यविधीचा खर्च, फुटबॉलचा संघ, पाण्याचे नळ. पुढे २००७ च्या धोरणाने या उत्पन्नातला ३५ टक्के वाटा गावाकडे आणि ६५ टक्के देशव्यापी निधीकडे असं ठरवलं. नैसर्गिक संपत्ती साऱ्या देशाची, हा त्यामागचा विचार. हिरे साऱ्या देशाचे असतील तर हत्तीही साऱ्या देशाचे, असं म्हणता येतं. पण हिरा कुणाच्या शेतात शिरत नाही. हत्ती शिरतो. वाटणी करताना हा फरक धरायला हवा होता.

खाटांचा हिशेब

थोडे पर्यटक, मोठा पैसा. १९९० च्या पर्यटन धोरणापासून बोत्स्वानाचं हे सूत्र. त्रिभुज प्रदेश क्रमांक दिलेल्या भूखंडांत विभागला आहे. प्रत्येक भूखंडात किती शिबिरं आणि किती खाटा, हे ठरलेलं. कंपन्या निविदा भरतात आणि ठराविक वर्षांचा पट्टा मिळतो. म्हणून ओकावांगोतल्या नामांकित शिबिरात एका रात्रीला एका माणसाचे हजार डॉलरहून अधिक पडतात, आणि म्हणूनच सिंहाभोवती वीस-वीस गाड्यांचा वेढा तिथे दिसत नाही.

मौनचा विमानतळ पाहिला की यंत्रणा कळते. धावपट्टीवर छोट्या विमानांची रांग. सामान मऊ पिशवीतच हवं, कडक पेटी चालत नाही, कारण विमानाच्या पोटात ती मावत नाही. पोटात पाहुण्यांच्या पिशव्यांबरोबर कोबी, अंडी, गॅसच्या टाक्या, कुणाचं तरी औषध. यातला बराचसा माल मौनला दक्षिण आफ्रिकेतून आलेला. पाहुणा बहुधा परदेशातच पैसे भरून येतो, थेट शिबिरात उतरतो, तिथूनच परततो. मौनमधल्या ओकावांगो संशोधन संस्थेचे प्राध्यापक जोसेफ म्बाइवा यांनी या प्रकाराचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. पर्यटनाचा पैसा बेटासारखा एका जागी राहतो आणि मोठा भाग देशाबाहेर जातो, हे त्यांनी दाखवून दिलं.

तरी उरतो तो वाटा लहान म्हणून उडवून लावण्यासारखा नाही. परीक्षा देऊन परवाना मिळवलेला मार्गदर्शक, होडी हाकणारा, स्वयंपाकघरातली बाई, इंजिन दुरुस्त करणारा. एका पगारावर गावाकडे मोठं कुटुंब चालतं. तीन महिने शिबिरात, मग एक महिना घरी, असा त्यांच्या कामाचा क्रम. २०२० मध्ये करोनाने विमानं थांबली तेव्हा ही घरं एकदम उघडी पडली.

आणि आता हिऱ्यांचाही आधार डळमळतो आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, १९६७ मध्ये, ओरापाला हिरे सापडले आणि देशाचं नशीब पालटलं. या हिऱ्यांचा आपल्याशी थेट संबंध आहे: सुरतेत त्यांना पैलू पडतात, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजारात त्यांचे सौदे होतात. पण सुरतेतच आता प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही तयार होतात, खाणीतल्या हिऱ्याचा भाव उतरला आहे, आणि त्याची झळ बोत्स्वानाच्या तिजोरीला बसते आहे. हिरे कमी पडले की रानावरचा भार वाढणार.

चार देशांच्या काठावर

ईशान्येच्या टोकाला कसाने गावाजवळ बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिम्बाब्वे जवळजवळ एका बिंदूत भेटतात. २०२१ मध्ये झांबेझीवर काझुंगुला पूल खुला झाला. तो मुद्दाम वळणदार आहे, झिम्बाब्वेच्या हद्दीत जाऊ नये म्हणून. व्हिक्टोरिया धबधबा इथून ऐंशीएक किलोमीटरवर, त्यामुळे पर्यटकांची ये-जा दिवसभर चालू. गावात पेट्रोलपंपावर रानडुकरं गुडघे टेकून गवत खातात. अंधार पडल्यावर स्थानिक माणूस पायी फिरत नाही.

दुपारी चोबे नदीवर बोटी निघतात. कोरड्या महिन्यांत कळपच्या कळप पाण्यावर उतरतात. पुढे वयस्क हत्तीण, पिल्लं मध्ये, तरुण नर मागे रेंगाळत. पाणी पिऊन झालं की काही कळप पोहत नदीतल्या सेदुदू बेटावर जातात. या बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबिया हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते; १९९९ मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. हत्तींना त्याचं सोयरसुतक नाही. ते सोंडा वर धरून पलीकडे जातात, जिथे नामिबियाच्या काठावर गुरं चरत असतात. बोत्स्वानाच्या काठावर मात्र झाडं विरळ, खोडांची साल सोललेली. हत्ती फार झाले असं म्हणणारे हाच काठ दाखवतात. इथे पूर्वी लाकूडतोडीची वखार होती आणि मोठी झाडं तेव्हाच गेली, हेही त्यांनी सांगायला हवं.

या हत्तींना बोत्स्वानाचे म्हणणंही पुरेसं खरं नाही. अंगोला, नामिबिया, झांबिया, झिम्बाब्वे आणि बोत्स्वाना या पाच देशांनी २०११ मध्ये करार करून 'काझा' नावाचं सामायिक संरक्षित क्षेत्र स्थापलं. २०२२ मध्ये पाचही देशांत एकाच वेळी विमानांतून गणना झाली आणि सुमारे २ लाख २८ हजार हत्ती मोजले गेले. त्यातले निम्म्याहून अधिक बोत्स्वानात होते. ते बाकीच्या देशांत का पसरत नाहीत, याचं एक कारण पुन्हा गुरांपाशीच येतं.

हत्तींच्या वाटेवरचं शेत

१९९५ मध्ये ओकावांगोच्या पश्चिमेला गुरांत फुप्फुसाचा साथीचा रोग शिरला. सरकारने त्या भागातली जवळजवळ सगळी, सुमारे ३ लाख २० हजार गुरं मारली. भरपाई दिली, पण ज्या घरांत गुरं म्हणजेच सगळं होतं त्या घरांची घडी मोडली. त्याच काळात नामिबियाच्या सीमेवर नव्या तारा उभ्या राहिल्या. उत्तरेकडची वाट अडली आणि नदीच्या पूर्वेच्या पट्ट्यात हत्ती वाढत गेले.

मोहेंबोला २०२२ मध्ये पूल झाला, त्याआधी तराफ्याची वाट पाहत थांबावं लागे. पूल ओलांडून सेरोंगाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका पाठोपाठ एक गावं आहेत. या पट्ट्यात माणसं आणि हत्ती साधारण सारख्याच संख्येने, दोन्ही पंधरा हजारांच्या घरात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रान, मध्ये शेतं. हत्तींना रोज रानातून पाण्यावर यायचं असतं. शेतात ज्वारी, बाजरी, चवळी, कलिंगडं. पीक पोटरीत आलं की घरातल्या कुणी ना कुणी शेतात मुक्काम करायचा, डबे वाजवायचे, जाळ करायचा. कष्टाने वाढवलेलं पीक एका रात्रीत जातं. माणसंही दगावतात. एका शेतकरी बाईने मला विचारलं की तुमच्याकडे हत्ती शेतात आला तर सरकार काय देतं. दोडामार्गातल्या नारळी-केळीच्या बागांचं जे ठाऊक होतं ते सांगितलं. तिला ते नवीन वाटलं नाही.

इथे 'इकोएक्झिस्ट' ही संस्था काम करते. तिने काही हत्तींच्या गळ्यात पट्टे बांधून वर्षानुवर्षं त्यांच्या वाटा नोंदल्या. हत्ती ठराविक वाटांनीच पाण्यावर येतात हे त्यातून दिसलं. हे नकाशे जमीनवाटप करणाऱ्या मंडळापुढे ठेवले गेले, म्हणजे नवं शेत त्या वाटेवर दिलं जाऊ नये. शाळेची मुलं आणि दवाखान्यात जाणाऱ्या बाया याच वाटा पायी ओलांडत. त्यांच्यासाठी 'एलिफंट एक्स्प्रेस' नावाची बस सुरू झाली. मिरची आणि शेण कालवून केलेल्या विटा शेताच्या कडेला धुमसत ठेवतात, तिखट धुराने हत्ती लांबून जातो. हत्तींच्या वाटा सोडून शेती करणाऱ्यांची बाजरी मौनमधली एक मद्यशाळा चढ्या भावाने घेते. छोटे उपाय आहेत. पण ते शेतकऱ्याला शत्रू मानून सुरू होत नाहीत, आणि माझ्या मते हत्ती वाचवण्याचा टिकणारा रस्ता तोच आहे.

परदेशात मात्र चर्चा होते ती शिकारीची. राष्ट्राध्यक्ष इयान खामा यांनी २०१४ मध्ये शिकारी पर्यटनावर बंदी घातली, मोख्वेत्सी मासीसी यांनी २०१९ मध्ये ती उठवली. बंदीच्या काळात सांकुयोसारख्या गावांचं उत्पन्न एकदम घटलं, कारण त्यांच्या रानात छायाचित्रं काढणारे पर्यटक तितके येत नव्हते. २०२४ मध्ये जर्मनीत शिकारीची स्मृतिचिन्हं आणण्यावर निर्बंधांची भाषा झाली तेव्हा मासीसींनी वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवू असं बजावलं. मला शिकार आवडत नाही. हत्तीवर पैसे देऊन गोळी झाडण्यात कुणाला काय मिळतं हे कधी उमगलं नाही. पण रात्र रात्र शेत राखणाऱ्या माणसापुढे माझी नावड हा युक्तिवाद होऊ शकत नाही. त्याचं उत्पन्न भरून देणारी व्यवस्था आधी उभी राहायला हवी, बंदीची मागणी त्यानंतर.

कलाहारीतलं पाणी

मध्य कलाहारी अभयारण्याविषयी थोडंच लिहिते, कारण ती गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. १९६१ मध्ये हे अभयारण्य घोषित झालं तेव्हा प्राण्यांइतकेच तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सान लोकही डोळ्यांसमोर होते. १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना बाहेरच्या वसाहतींत हलवलं. मोथोमेलोची कूपनलिका बंद केली. लोक न्यायालयात गेले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना हलवणं बेकायदा ठरवलं, पण पाणी मिळायला २०११ चा अपील न्यायालयाचा निकाल यावा लागला. २०१४ मध्ये त्याच अभयारण्यात हिऱ्यांची खाण उघडली. २०२१ मध्ये वारलेल्या एका वृद्धाला त्याच्या पूर्वजांच्या भूमीत पुरू देण्यासाठी कुटुंबाने न्यायालयात लढा दिला, आणि सरकार बदलल्यावर, २०२४ च्या डिसेंबरात, परवानगी मिळाली. तोवर देह शवागारात होता. अभयारण्याच्या नावाने माणसाला त्याच्या मातीपासून असं तोडणं अन्याय आहे. वाघासाठी असो वा सिंहासाठी, कुठेही.

गाईच्या मागचे डोळे

शोरोबेच्या आसपास, लेखाच्या सुरुवातीच्या त्याच तारेलगत, काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. सिंह आणि बिबट्या दबा धरून शिकार करतात. सावजाने पाहिलं असं वाटलं तर बहुधा माघार घेतात. संशोधकांनी गुरांच्या पुठ्ठ्यावर रंगाने मोठे डोळे काढले. काही गुरांवर नुसती फुली, काहींवर काहीच नाही. चौदा कळप, चार वर्षं. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: डोळे काढलेल्या ६८३ गुरांपैकी हिंस्र प्राण्यांनी एकही मारलं नाही. काहीच न काढलेल्या ८३५ पैकी १५ मेली, फुलीच्या ५४३ पैकी ४. साचा फोमचा, रंग स्वस्त, आणि काम गुराख्याला स्वतःला जमणारं.

पश्चिमेकडच्या गांझी भागात प्रश्न चित्त्याचा आहे. बोत्स्वानातले बहुसंख्य चित्ते संरक्षित क्षेत्राबाहेर, गुरांच्या कुरणांवर आणि शेतजमिनींवर राहतात, कारण उद्यानांत सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात. तिथे 'चीता कन्झर्वेशन बोत्स्वाना' शेळ्या पाळणाऱ्यांना राखणदार कुत्री मिळवून देते. महागडी परदेशी जात नाही, गावातलीच त्स्वाना कुत्री. पिल्लाला लहानपणीच वाडग्यात शेळ्यांबरोबर ठेवतात, ते शेळ्यांचं दूध पितं, त्यांच्या उबेत झोपतं. मोठं झाल्यावर चित्ता दिसला की भुंकत कळपाच्या पुढे उभं राहतं, आणि चित्ता सहसा भांडायला थांबत नाही.

याच गांझी परिसरातले आठ चित्ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या बोत्स्वाना भेटीत, गाबोरोनीजवळच्या मोकोलोदी अभयारण्यात भारताकडे प्रतीकात्मकरीत्या सोपवले गेले. त्याआधी २०२२ मध्ये नामिबियातून आठ आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते कुनोला आले होते. कुनोच्या बंदिस्त आवारातून सोडलेले चित्ते उद्यानाची हद्द ओलांडून गावांच्या शिवारात जाताना आपण वाचलं आहे. तिथल्या शेळ्या राखणाऱ्यांसाठी गांझीची ती कुत्री, तो अनुभव, ती वर्षानुवर्षं घरोघर जाऊन केलेली बोलणी आपण मागून घ्यायला हवीत. चित्त्यांबरोबर विमानात त्यांनाही जागा होती.